कापूस, सोयाबीन, गहू: निमाडच्या काळ्या जमिनीतली सेंद्रिय-रासायनिक तुलना

पार्श्वभूमी

सातपुडा ओलांडला की निमाड लागतो. खानदेश-विदर्भातल्या शेतकऱ्याला तिथे परकं वाटत नाही. तीच भारी काळी जमीन, उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडणारी आणि पावसात पाय धरून ठेवणारी. पाऊस साधारण आठशे मिलिमीटर, तोही जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबरात. खरिपाला कापूस आणि सोयाबीन, ओलिताची सोय असेल तिथे रब्बीला गहू.

मध्य प्रदेशातल्या खरगोन जिल्ह्यात, कसरावदच्या परिसरात, १९९० च्या दशकाच्या सुरुवातीपासून सेंद्रिय कापसाचं संघटित काम चालू आहे. एका स्विस सूत व्यापार कंपनीच्या पुढाकारातून ते सुरू झालं आणि पुढे ‘बायोरे’ या नावाने वाढलं. २००३ ते २००५ या दोन हंगामांत तिथल्या साठ सेंद्रिय आणि साठ रासायनिक शेतकऱ्यांच्या नोंदी ठेवल्या गेल्या. त्यातून आलेलं चित्र आशादायक होतं. सेंद्रिय कापसाचा उतारा रासायनिकच्या बरोबरीचा, बदलता उत्पादन खर्च दहा ते वीस टक्क्यांनी कमी, आणि सेंद्रिय मालाला मिळणारा वीस टक्के जादा भाव धरला तर कापसात खर्च वजा जाता उरणारी रक्कम ३० ते ४० टक्क्यांनी जास्त.

हे प्रकरण त्याच्या पुढचं आहे: त्याच भागात २००७ साली सुरू झालेल्या तुलनात्मक प्रयोगाचं. स्वित्झर्लंडची ‘फिब्ल’ ही सेंद्रिय शेती संशोधन संस्था आणि बायोरे यांनी तो मिळून उभा केला. माणसांची नावं इथे दिलेली नाहीत. प्रश्न कसा मांडला गेला आणि प्रत्येक टप्प्यावर काय ठरवलं गेलं, ते पाहायचं आहे.

अडचण नेमकी कुठे होती

साठ-साठ शेतकऱ्यांच्या नोंदी चांगल्या होत्या, पण एका प्रश्नाचं उत्तर त्यांच्यात नव्हतं. सेंद्रिय शेतकऱ्याचं पीक चांगलं आलं ते सेंद्रिय पद्धतीमुळे, की तो मुळातच हुशार शेतकरी होता म्हणून? सेंद्रियकडे वळणारा माणूस बहुतेकदा वेळेवर डवरणी करणारा, जनावरं सांभाळणारा, शेणखत वाया न घालवणारा असतो. शिवाय ज्यांना जमलं नाही ते मधेच सोडून गेलेले असतात आणि सर्वेक्षणात टिकून राहिलेलेच दिसतात. पद्धत आणि माणूस वेगळे करायचे तर दोन्ही पद्धती एकाच जमिनीत, एकाच पावसात, एकाच देखरेखीखाली लावाव्या लागतात.

दुसरी अडचण जास्त खोल होती. सेंद्रिय आणि रासायनिक यांची दीर्घकाळ चाललेली विश्वासार्ह तुलना तोवर बहुतेक थंड प्रदेशांतली होती. स्वित्झर्लंडमध्ये बाझलजवळ थेरविल इथे १९७८ पासून एक प्रयोग चालू आहे. २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्याच्या निष्कर्षांनुसार सेंद्रिय शेतातलं उत्पादन वीस टक्क्यांनी कमी होतं, पण खत आणि ऊर्जेचा वापर ३४ ते ५३ टक्क्यांनी आणि कीडनाशकांचा ९७ टक्क्यांनी कमी होता. अमेरिकेत पेनसिल्व्हेनियात कुट्झटाउन इथे १९८१ पासून दुसरा प्रयोग चालू आहे. तिथे दुष्काळी वर्षांत सेंद्रिय मक्याने रासायनिक मक्याला मागे टाकलं. पण थेरविलच्या फेरपालटीत दोन वर्षं गवत-क्लोव्हरची असतात आणि ती जनावरं खातात. आपल्याकडे कोणता कोरडवाहू शेतकरी दोन वर्षं रान गवताखाली ठेवू शकतो? तिथले आकडे उचलून काळ्या जमिनीवर ठेवता येत नाहीत.

आणि तिसरी गोष्ट बीटी कापसाची, म्हणजे बोंडअळीला मारणारं विष झाडातच तयार व्हावं म्हणून जनुक बदललेल्या कापसाची. २००२ मध्ये परवानगी मिळाल्यानंतर बीटी बियाणं देशभर झपाट्याने पसरत होतं. म्हणजे सेंद्रियची तुलना कोणत्या ‘रासायनिक’शी करायची, हाच वादाचा मुद्दा झाला होता.

समोरचे पर्याय

असा प्रश्न सोडवायचे साधारण तीन रस्ते असतात. एक, सर्वेक्षणच आणखी वर्षं आणि आणखी शेतकरी घेऊन चालू ठेवायचं. ते वास्तवाच्या सगळ्यात जवळचं असतं, पण माणूस आणि पद्धत यांचा गुंता सुटत नाही. दोन, प्रत्येक शेतकऱ्याच्या रानाचे दोन भाग करायचे, अर्ध्यात सेंद्रिय, अर्ध्यात रासायनिक. कागदावर हे छान दिसतं. प्रत्यक्षात ज्या शेतकऱ्याला सेंद्रिय प्रमाणपत्र टिकवायचं आहे तो धुऱ्यापलीकडे स्वतःच युरिया टाकायला कसा तयार होईल? तीन, एका जागी प्रक्षेत्र घेऊन, शास्त्रीय आखणीत, वर्षानुवर्षं चालणारा प्रयोग लावायचा. यात नियंत्रण मिळतं, पण शेतकऱ्याच्या रोजच्या अडचणी बाहेर राहतात.

तिसरा रस्ता निवडला गेला आणि पुढे त्याला शेतकऱ्यांच्या शेतावरच्या चाचण्यांची जोड दिली गेली. मला ही जोड फार मोलाची वाटते. तिच्याकडे शेवटी येतो.

काय केलं

आधी सबंध रानात खत न देता गहू पेरून जमीन सगळीकडे सारखी आहे का, हे पाहिलं गेलं. हे काम कंटाळवाणं असतं आणि त्यात एक हंगाम जातो. पण याशिवाय पुढचे सगळे आकडे संशयास्पद ठरले असते. काळ्या जमिनीत शंभर पावलांवर खोली बदलते, हे कुणाही नांगरणाऱ्याला माहीत असतं.

मग चार पद्धती लावल्या: बायोडायनॅमिक (शेण आणि वनस्पतींपासून केलेली खास मिश्रणं वापरणारा सेंद्रियचाच एक प्रकार), सेंद्रिय, बीटी बियाण्याशिवाय रासायनिक, आणि बीटी बियाण्यासह रासायनिक. चारींत मुख्य पिकांची फेरपालट एकच, दोन वर्षांची: कापूस, मग सोयाबीन, आणि सोयाबीनच्या मागे गहू. सेंद्रिय बाजूला कंपोस्ट, एरंडीची पेंड, स्थानिक पाल्याचे अर्क. रासायनिक बाजूला शिफारशीप्रमाणे खतं आणि फवारण्या.

पहिल्या चार वर्षांत काय दिसलं

२००७ ते २०१० या काळाचे निष्कर्ष २०१३ मध्ये ‘प्लॉस वन’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाले. ते सावकाश वाचायला हवेत, कारण त्यांतला प्रत्येक आकडा एकेकटा घेतला तर हवा तो निष्कर्ष काढता येतो.

पहिल्या फेरीत, म्हणजे २००७-०८ मध्ये, सेंद्रिय कापूस रासायनिकपेक्षा २९ टक्क्यांनी आणि गहू २७ टक्क्यांनी मागे राहिला. सोयाबीन मात्र जवळजवळ बरोबरीत, फक्त एक टक्का कमी. दुसऱ्या फेरीत, २००९-१० मध्ये, कापूस आणि गव्हातलं अंतर मिटलं आणि चारही पद्धतींचा उतारा सारखा आला. सोयाबीनमध्ये अंतर ११ टक्के झालं.

इथे थांबावं लागतं. कापूस-गव्हातलं अंतर मिटलं ते रासायनिक पद्धतीचं उत्पादन खाली आल्यामुळे. अहवालात हे स्पष्ट लिहिलेलं आहे. ‘दोनच वर्षांत जमीन सुधारली आणि सेंद्रियने बरोबरी साधली’ असं भाषण या आकड्यांवर करता येत नाही. एका फेरीत रासायनिक पिकाला मिळालेली आघाडी दुसऱ्या फेरीत मिळाली नाही, एवढंच ठामपणे म्हणता येतं.

पैशाची बाजूही अशीच उलटली. सगळी पिकं मिळून, पहिल्या फेरीत खर्च वजा जाता उरणारी रक्कम रासायनिक पद्धतीत २९ टक्क्यांनी जास्त होती. दुसऱ्या फेरीत सेंद्रियची रक्कम २५ टक्क्यांनी जास्त झाली, कारण उतारा सारखा आणि खर्च कमी. म्हणजे ही आघाडी खतं-औषधांवर न गेलेल्या पैशातून आली. सोयाबीनचा हिशेब चारही वर्षं धरून सेंद्रियच्या बाजूने ११ टक्क्यांनी सरस निघाला, उतारा थोडा कमी असूनही.

सोयाबीन का टिकलं, याचं कारण प्रत्येक शेतकऱ्याला ठाऊक आहे. ते आपलं नत्र मुळांवरच्या गाठींतून स्वतः मिळवतं. कापूस आणि गहू यांना मात्र ठरावीक वेळी भरपूर नत्र लागतं. पात्या-फुलांच्या दिवसांत किंवा फुटव्याच्या वेळी युरियाची एक मूठ लगेच लागू होते, आणि कंपोस्टमधलं नत्र जिवाणूंच्या गतीने सुटतं. नव्याने सेंद्रिय झालेल्या रानात हा साठा अजून जमलेला नसतो. ‘सोयाबीनचं बिवड चांगलं’, म्हणजे सोयाबीननंतरची जमीन पुढच्या पिकाला चांगली, असं आपण म्हणतो ते खरं आहे, पण सोयाबीनच्या दाण्यासोबत नत्राचा मोठा वाटा बाजारात जातो. मागे उरणाऱ्या मुळा-पाल्यावर गव्हाची सगळी भूक भागत नाही.

पर्यावरणाचा हिशेब: एकरावर की क्विंटलवर?

पहिल्या टप्प्याच्या निष्कर्षांनी उत्पादन आणि पैसा यांचं उत्तर दिलं आणि पर्यावरणावरचे परिणाम पुढच्या कामासाठी ठेवले. पण त्या उताऱ्याच्या आकड्यांनीच पर्यावरणाच्या प्रश्नाला एक हद्द घालून दिली आहे.

युरोपातल्या अनेक अभ्यासांचा एकत्रित आढावा २०१२ मध्ये आला. त्यात सेंद्रिय शेतातून एका हेक्टरमागे नायट्रेटचा निचरा (पाण्यासोबत जमिनीखाली वाहून जाणारं नत्र) ३१ टक्क्यांनी कमी निघाला. तोच निचरा उत्पादनाच्या एककामागे मोजला तर ४९ टक्क्यांनी जास्त. रान तेच, पाणी तेच, फक्त भागायचं कशाने हे बदललं. नायट्रस ऑक्साइड या तापमान वाढवणाऱ्या वायूचंही तसंच. २०१४ च्या एका आढाव्यानुसार एकरामागे सेंद्रियचं उत्सर्जन कमी असतं, पण क्विंटलमागे बरोबरी साधायची तर उताऱ्यातलं अंतर १७ टक्क्यांच्या आत राहायला हवं.

हा १७ चा आकडा मुख्यतः समशीतोष्ण प्रदेशातल्या मोजमापांवरून आला आहे. काळ्या जमिनीत पावसाळ्यात पाणी साचून नत्राचा वायू होण्याची प्रक्रिया वेगळ्या जोराने चालते, म्हणून तो आपल्या रानाला जसाच्या तसा लावू नये. तरी दिशा कळते. पहिल्या फेरीतला २९ टक्के मागे पडलेला कापूस या कसोटीवर अडचणीत येतो. सोयाबीन दोन्ही फेऱ्यांत आरामात आत बसतं. म्हणजे सेंद्रिय पद्धत पर्यावरणाला चांगली की वाईट, याचं उत्तर एकाच शेतात पिकागणिक बदलतं. फेरपालटीची तुलना करताना एकटा कापूस उचलून निकाल देणं म्हणूनच चुकीचं आहे.

ऊर्जेचं चित्र मात्र बरंच स्वच्छ आहे. थेरविलमध्ये पीक-उत्पादनाच्या एककामागेसुद्धा सेंद्रियला २० ते ५६ टक्के कमी ऊर्जा लागली, वीस टक्के कमी उतारा धरूनही. नत्र खत कारखान्यात तयार करायला लागणारी ऊर्जा वाचते, त्याचा हा परिणाम.

आणि एक परिणाम असा आहे जो ना एकरात मोजला जातो ना क्विंटलमध्ये. २०१७ च्या हंगामात यवतमाळ जिल्ह्यात कापसावर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसच्या आसपास शेतकरी आणि शेतमजूर दगावले. दाट, उंच वाढलेल्या पऱ्हाटीत, पाठीवर पंप, अंगावर साधा सदरा. खर्च आणि नफ्याच्या कोणत्याही तक्त्यात याला रकाना नसतो. पद्धतींची तुलना करणाऱ्या प्रत्येकाने तो रकाना आखावा, असं मला मनापासून वाटतं: किती फवारण्या, कोणत्या औषधाच्या, कुणी केल्या आणि काय घालून केल्या.

निर्णयाच्या जागा आणि वेगळं काय करता आलं असतं

सगळ्यात मोठा निर्णय चारही पद्धतींना एकच फेरपालट देण्याचा होता. त्याची बाजू भक्कम आहे. पिकं बदलली की फरक खतामुळे पडला की पिकामुळे, हे कळत नाही. थेरविलनेही हाच मार्ग धरला. पण यात सेंद्रिय शेतकऱ्याचं मुख्य हत्यार काढून घेतलं जातं. सेंद्रिय शेती म्हणजे युरियाच्या जागी कंपोस्ट एवढंच नाही. मिश्रपीक, कडधान्यं, ताग-धैंचा गाडणं, पिकांचा क्रम बदलणं यांवर तिची मदार असते. जगभरच्या अभ्यासांच्या एका मोठ्या आढाव्यात सेंद्रियचं सरासरी अंतर १९ टक्क्यांच्या आसपास निघालं, आणि जिथे सेंद्रिय बाजूला मिश्रपीक किंवा फेरपालट अधिक होती तिथे ते ८-९ टक्क्यांवर आलं. कुट्झटाउनमध्ये सेंद्रिय बाजूची फेरपालट मुद्दाम वेगळी ठेवलेली आहे. माझ्या मते खरगोनसारख्या आखणीला पाचवी पद्धत जोडायला हवी: सेंद्रियच, पण तिला साजेशी स्वतःची फेरपालट असलेली, कापसात तूर किंवा मूग धरून. त्यामुळे दोन्ही प्रश्नांना उत्तर मिळालं असतं.

दुसरा निर्णय बीटीचा. बीटी आणि बिगरबीटी अशा दोन रासायनिक पद्धती ठेवल्या, हे फार शहाणपणाचं झालं. फक्त बीटी ठेवलं असतं तर ‘बियाणं वेगळं, तुलना खोटी’ असा आक्षेप आला असता. फक्त बिगरबीटी ठेवलं असतं तर शेजारच्या कुठल्याही शेताशी तिचं साम्य उरलं नसतं. किंमत एवढीच की तेवढ्याच जागेत एक पद्धत वाढली.

तिसरी जागा खताच्या उगमाची. प्रक्षेत्रावर कंपोस्ट आणता येतं, एरंडीची पेंड विकत घेता येते. गावातल्या प्रत्येकाने तेच करायचं ठरवलं तर जनावरं किती लागतील? आज बैलजोड्या कमी होत चालल्या आहेत आणि उकिरड्यावरचं शेणखत ट्रॉलीच्या भावाने विकलं जातं. दुसऱ्याच्या रानातली सुपीकता उचलून आपल्या रानात आणली तर आपला आकडा सुधारतो, त्याचा घटतो. एकरी किती खत घातलं यासोबत ते किती एकरांच्या चाऱ्यातून आलं, ही नोंद अशा प्रत्येक प्रयोगात सक्तीची हवी.

छोट्या प्लॉटची मर्यादाही आहेच. फवारलेल्या तुकड्याशेजारी सेंद्रिय तुकडा असला की किडी आणि मित्रकीटक दोघेही इकडून तिकडे फिरतात. सबंध शिवार सेंद्रिय असतं तर जे घडलं असतं ते इथे दिसणं अवघड.

आणि शेवटची जागा, जिच्याकडे शेतकऱ्याने सगळ्यात बारकाईने पाहावं. पहिल्या चार वर्षांना संशोधकांनी ‘रूपांतराचा काळ’ असंच म्हटलं आहे. निर्यातीसाठीच्या राष्ट्रीय सेंद्रिय प्रमाणीकरणातही हंगामी पिकांना दोन वर्षांचा रूपांतराचा काळ लागतो, आणि त्या काळात माल ‘सेंद्रिय’ म्हणून पूर्ण जादा भावाने विकता येत नाही. प्रयोगात नेमकी पहिली दोन वर्षंच रासायनिकपेक्षा कमी मिळकतीची निघाली. ज्याच्या डोक्यावर पीक कर्ज आहे त्याला ‘तिसऱ्या वर्षी बरोबरी होते’ हे सांगून भागत नाही. सल्ला देणाऱ्या यंत्रणेने हे दोन हंगाम कोण सांभाळणार, याचं उत्तर आधी द्यायला हवं. सगळं रान एकदम वळवण्याऐवजी ज्या तुकड्यात यंदा सोयाबीन येणार तिथून सुरुवात करणं हा या आकड्यांतून निघणारा सगळ्यात सुरक्षित मार्ग आहे. पहिल्या हंगामात फटका जवळजवळ बसत नाही, आणि कापसाची पाळी येईपर्यंत त्या जमिनीत कंपोस्टचा एक-दोनदा हात फिरलेला असतो.

पुढे काय झालं

प्रक्षेत्रावरच्या प्रयोगातून निघालेले प्रश्न शेतकऱ्यांच्या बांधावर नेण्यात आले. त्यांतला एक स्फुरदाचा (फॉस्फरसचा). काळी जमीन विम्लधर्मी, म्हणजे आम्लाच्या उलट गुणाची, त्यामुळे सेंद्रियमध्ये चालणारं रॉक फॉस्फेट (स्फुरद असलेल्या खडकाची भुकटी) तिच्यात नुसतं पडून राहतं, पिकाला मिळत नाही. त्यावर घरचं ताक वापरून पाहिलं गेलं. ताकाच्या आंबटपणाने रॉक फॉस्फेट विरघळायला मदत होते, मग ते खतासोबत द्यायचं. कापूस आणि सोयाबीनवर याच्या चाचण्या शेतकऱ्यांसोबत त्यांच्याच शेतांत झाल्या. शिफारस वरून खाली येण्याऐवजी घरात असलेली वस्तू शास्त्रीय पद्धतीने तपासली गेली, आणि म्हणून सुरुवातीला या जोडीला मी मोलाची म्हटलं.

दुसरा प्रश्न बियाण्याचा. बीटी सगळीकडे पसरल्यावर चांगलं बिगरबीटी बियाणं मिळेनासं झालं आणि सेंद्रिय कापसाचा पायाच डळमळला. बायोरे, फिब्ल आणि धारवाडचं कृषी विद्यापीठ यांनी शेतकऱ्यांना सोबत घेऊन बिगरबीटी वाणांच्या निवडीचं काम हाती घेतलं.

विदर्भात अशी तुलना लावायची झाली तर गहू सोडून द्यावा लागेल, कारण बहुतेक रान कोरडवाहू आहे. कापसात तुरीची ओळ आणि दुसऱ्या वर्षी सोयाबीन, मागे जमलं तर हरभरा, अशी फेरपालट इथे खरी. नत्राची सगळ्यात मोठी भूक असलेला गहू बाहेर पडला आणि तूर-हरभरा आत आले की सेंद्रियवरचा नत्राचा भार खरगोनपेक्षा हलका होतो, असा माझा अंदाज आहे. तो तपासायला किमान तीन फेऱ्या, म्हणजे सहा वर्षं लागतील, आणि पहिल्या फेरीचे आकडे वेगळे मांडावे लागतील.